इंदिरा पॉइंट पायरीवर: चौथीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

30 जून, सोमवार

नागपूरच्या आमच्या शाळेत चौथीचा वर्ग यंदा माझ्याकडे. पट 31. मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही, हजेरी क्रमांक पुरे.

पहिल्याच आठवड्यात कोरे कागद वाटले. ‘माझा देश’ काढा, एवढीच सूचना. 24 कागदांवर झेंडा आला, चारांवर वाघ, दोनांवर क्रिकेटची बॅट. 26 नंबरने मात्र स्वतःचं घर, घरासमोरची नाली आणि नालीपलीकडचं किराणा दुकान काढलं. मला वाटलं, पोरीने केवढा विचार केलाय! कौतुकाने विचारलं तर म्हणाली, “झेंडाच काढणार होती मॅडम, पण चक्र बिघडते माझं.”

तोंडी प्रश्नांत वर्ग हुशार निघाला. राज्यं 28, केंद्रशासित प्रदेश 8, राजधानी नवी दिल्ली, सगळं एका सुरात. मग म्हटलं, बोटाने दाखवा, इथून दिल्ली कुठल्या बाजूला? शांतता. थोड्या वेळाने 3 नंबरने बोट उचललं आणि सरळ पंख्याकडे केलं. त्याचं पाहून बाकीच्यांनी. 31 बोटं छताकडे.

त्यांचं काय चुकलं? नकाशा त्यांनी कायम टांगलेलाच पाहिलाय. भिंतीवर दिल्ली वर असते आणि कन्याकुमारी खाली, कचऱ्याच्या डब्याजवळ. चौदा वर्षं मी याच नकाशावर छडी फिरवतेय आणि हा प्रश्न कधी विचारलाच नाही.

नकाशा जमिनीवर उतरवायचा ठरवलं. पटांगणात, खऱ्या उत्तरेला उत्तर करून.

3 जुलै, गुरुवार

मोजमापं. भारत उत्तर-दक्षिण 3214 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 2933. पटांगणात पाण्याच्या टाकीचा ओटा आणि व्हरांड्याची पायरी यांच्यात 8 मीटर 20 सेंटिमीटर जागा मिळते. 1 सेंटिमीटरला 4 किलोमीटर धरले तर देश 8 मीटर 3 सेंटिमीटर लांब आणि 7 मीटर 33 सेंटिमीटर रुंद होतो. बसला! भागाकार मुलांनीच केला, दोनदा चुकवून.

होकायंत्र ठेवलं तर उत्तर बरोबर टाकीकडे. म्हणजे हिमालय टाकीच्या पायथ्याशी येणार. मुलं खूश, कारण टाकी ठिपकते.

मुख्याध्यापक सर खूश नाहीत. शाळेचं फाटकही टाकीच्याच बाजूला, त्यामुळे आत येणाऱ्या पाहुण्यांना नकाशा उलटा दिसेल. “मॅडम, कन्याकुमारी फाटकाकडे करून टाका ना, काय फरक पडतो?” सगळा फरक तिथेच पडतो, हे त्यांना चहा होईस्तोवर समजावलं. शेवटी म्हणाले, आधी चुन्याने करा, मग बघू.

7 जुलै, सोमवार

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर चौकटी आखल्या, जमिनीवर 50 सेंटिमीटरचा एकेक चौकोन सुतळीने. प्रत्येकाकडे ठरावीक चौकोन, आणि कागदावरच्या चौकोनात रेघ जिथून शिरते-निघते तिथूनच जमिनीवर फक्की टाकायची. 8 नंबरने आईच्या मोबाइलवरचा नकाशा आणून दाखवला, त्यात काश्मीरची रेघ तुटक होती. “हा वेगळा काऊन आहे?” म्हटलं, नकाशा कोणीतरी काढतं, आणि काढणाऱ्याप्रमाणे रेघ बदलते, आपल्या देशात सर्व्हे ऑफ इंडियाची रेघ धरायची, तसा कायदाच आहे. त्याला तेवढं पुरलं. मला रात्री पुरलं नाही, पण चौथीला बहुधा तेवढंच पुरावं.

गुजरात बघण्यासारखा झाला. बंगालचं मुख कोणालाच जमलं नाही.

आणि अंदमान-निकोबार! 14 नंबरने चौकटी मोजत मोजत दक्षिणेकडे जाऊन सांगितलं की जागा संपली. देशाची जी 3214 किलोमीटर लांबी आपण पाठ करतो ती मुख्य भूमीची, ती कन्याकुमारीला संपते. ग्रेट निकोबारचं टोक, इंदिरा पॉइंट, त्याच्याही दक्षिणेला सव्वा अंशाहून थोडं जास्त. आमच्या मापात 36 सेंटिमीटर. कन्याकुमारीनंतर पायरीपर्यंत उरले होते 17. मग इंदिरा पॉइंट व्हरांड्याच्या पायरीवर चढवला. आता मधल्या सुट्टीत पोरं पायरी उतरताना ओरडतात, “सरक बे, निकोबारवर पाय पडला.”

17 जुलै, गुरुवार

सपशेल फसलेला दिवस.

कर्कवृत्त आणि विषुववृत्ताच्या मधल्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. नागपूरवर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या वेळी पावसाळा. तरी हौसेने बाटल्या, पेले, एक क्रिकेटचा स्टंप असं सगळं मांडून बसलो होतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिथल्या मुलांची सावली दुपारी कधीच गायब होत नाही, हे ऐकून वर्गाला फार बरं वाटलं. दिल्लीला नाही आणि आपल्याला आहे, असं काही पहिल्यांदाच निघालं होतं.

साडेअकराला भरून आलं. बाराला कोसळला. सावली तर नाहीच, पण पाऊण तासात अख्खा भारत वाहून गेला. फक्कीचं पांढरं पाणी पटांगणभर. 19 नंबर रडायला लागली, तिने ओडिशा केला होता.

18 जुलै, शुक्रवार

रडारडीतून एक प्रश्न मात्र निघाला. चुन्याचं पाणी फाटकाखालून नालीत गेलं, ते मुलांनी उभं राहून पाहिलं. 26 नंबर (तीच, नालीवाली) म्हणाली, “मॅडम, आपला भारत गेला कुठं?”

हात वर करून मत घेतलं. 31 पैकी 28 जण म्हणाले, अरबी समुद्रात. का? तर महाराष्ट्राला समुद्र तोच आहे ना. पुस्तकाच्या दृष्टीने पक्कं उत्तर.

फळ्यावर नाली काढायला घेतली. नाली मोठ्या नाल्याला, नाला नाग नदीला. इथेच अर्धा वर्ग अडला, कारण त्यांच्या घरी नाग नदीला नदी म्हणत नाहीत, नालाच म्हणतात. ज्या नदीवरून शहराचं नाव आलं असं आपण सांगतो, तिच्या काठावर राहणाऱ्या पोराला ती नदी आहे हेच माहीत नसावं! असो. नाग पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता, प्राणहिता सिरोंचाकडे गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागरात.

मग म्हटलं, या रस्त्यावर कोणाचं कोणी राहतं का? धबधबा सुरू झाला. भंडाऱ्याला आत्या. पवनीला आजोळ. वडशाला मावशी. एकाचे काका गडचिरोलीला पोलिसात. 23 नंबरच्या घरी तेलुगू बोलतात. तिची आजी राजमहेंद्रीची, अगदी गोदावरीच्या काठची. बाईंच्या फळ्यावरची नदी आपल्या आजीच्या घरापर्यंत पोचते, हे तिला खरंच वाटेना. घरी जाऊन फोन करून खात्री केली म्हणे.

पश्चिमेकडे जाणारं पाणी आपल्याकडे नाही, हे 28 जणांना मान्य झालं. एकाने मात्र सोडलं नाही: “पण समृद्धी महामार्ग तर तिकडंच जाते.” जातो बाबा. 701 किलोमीटर. पण पाणी टोल भरून जात नाही.

22 जुलै, मंगळवार

समृद्धीवरून आठवलं. परिपाठात रोज प्रतिज्ञा होते. आज थांबवून विचारलं, ‘समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरा’ म्हणजे काय? 11 नंबर: “समृद्धीवरच्या परंपरा.” हसू दाबलं. तीन वर्षं रोज म्हणतोय बिचारा, आणि स्वतःपुरता अर्थ लावूनही बसलाय.

ही प्रतिज्ञा मूळ तेलुगूत लिहिलेली, 1962 साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, विशाखापट्टणमच्या कोषागारात ते अधिकारी होते. हे सांगितल्यावर 23 नंबरकडे सगळ्यांच्या माना वळल्या. उद्या आजीकडून पहिली ओळ तेलुगूत लिहून आणते म्हणाली.

केंद्रप्रमुख आले होते. वार्षिक नियोजनात हा प्रकल्प कुठे आहे, विचारलं. दाखवला. पुढचं पान उलटलं त्यांनी.

5 ऑगस्ट, मंगळवार

कार्यालयातल्या कपाटावर गुंडाळी करून ठेवलेला एक कापडी नकाशा शिपाई मामांनी काढून दिला. झटकला तर झुरळं. वर्गात पसरवला, ‘आपापल्या गावाचं राज्य शोधा’ म्हटलं आणि वह्या तपासायला बसले.

दहा मिनिटांनी 12 नंबर टेबलाशी येऊन उभा. आई-वडील बांधकामावर मजूर, मूळचे राजनांदगावकडचे. घरी छत्तीसगढी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी. एरवी बोलत नाही. म्हणाला, “मॅडम, आमचं राज्य नाही आहे.”

खरंच नव्हतं. नकाशा 2000 च्या आधीचा. रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, सगळं मध्य प्रदेशच्या एकाच पिवळ्या रंगात. झारखंड नाही, उत्तराखंड नाही. तेलंगण तर 2014 चं.

माझी चूक, आधी बघायला हवं होतं. नवा नकाशा काढून विषय मिटवणं सोपं होतं. पण तो पोरगा त्या पिवळ्या रंगाकडे ज्या तऱ्हेने बघत होता, त्यावरून ते बरं वाटेना. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं, हे फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याच हातात लाल पेन्सिल दिली. नव्या नकाशात बघून त्याने जुन्यावर रेघ ओढली. राज्य जरा फुगलं. कोणी काही म्हणालं नाही.

मग विचारलं, आपलं नागपूर कायम महाराष्ट्रात होतं का? “हो!” एका सुरात. म्हटलं, घरी आजी-आजोबांना विचारून या.

7 ऑगस्ट, गुरुवार

आज 9 नंबरची आजी स्वतःच आली. इतवारीत माहेर, जन्म 1944 चा. मुलांसमोर खुर्ची दिली तर बसेना, बाकावरच टेकली.

“मी जन्मली तवा इथं सीपी अँड बेरार होतं,” म्हणाली. पोरांना वाटलं, काहीतरी खायचं आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मी फळ्यावर लिहिलं. 1950 ला त्याचं मध्य प्रदेश झालं आणि नागपूर त्याची राजधानी. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात. 1 मे 1960 ला महाराष्ट्र.

“म्हणजे आजी, तुम्ही चार राज्यांत राहिल्या?” 9 नंबरने स्वतःच्याच आजीला विचारलं, शाळेत असल्यामुळे अहो-जाहो करून.

“मी कुठं गेली बापा? मी तं तिथंच होती. राज्यच येत गेलं नि जात गेलं.”

भोपाळला राजधानी गेली तेव्हा ती बारा वर्षांची. शेजारचं एक कारकुनाचं कुटुंब सामान बांधून भोपाळला गेलं, त्यांची मुलगी हिची मैत्रीण. ट्रंकेवर चुन्याने पत्ता लिहिला होता, तो अजून आठवतो तिला. मैत्रिणीचं पुढे काय झालं, मुलांनी विचारलं. आजीने हात हलवला, इतकंच.

1953 च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात इथे विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, हे मी नंतर सांगितलं. अधिवेशनाचं मुलांना माहीत होतं: तेव्हा रस्ते बंद होतात.

14 ऑगस्ट, गुरुवार

उद्याची तयारी. दरवर्षी मुलं झेंडा रंगवतात, भाषणं दिल्ली-मुंबईची करतात. यंदा 1923 सांगितलं. त्या वर्षी 1 मेपासून नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला इंग्रजांची बंदी. रोज तुकडी निघायची, रोज पकडली जायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. 18 ऑगस्टला संपला. देशातून माणसं झेंडा घेऊन नागपूरच्या एका रस्त्यावरून चालायला आली होती.

“चालायलाच फक्त?” 17 नंबर. हो, चालायलाच.

तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. चक्राचा झेंडा 22 जुलै 1947 ला ठरला. 26 नंबरला कोनमापक दिला. 360 भागिले 24, प्रत्येक आरी 15 अंशावर. तासाभराने आली. चक्र बिघडलं नव्हतं. एक आरी जास्त झाली होती, ती तिने खोडली.

25 ऑगस्ट, सोमवार

शनिवारी मारबत झाली, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडापीडा घेऊन जा’ म्हणत निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. आज वर्गात अर्ध्या तासाचा धडा सोडून दिला, कारण कोणाच्या डोक्यात काही शिरणारच नव्हतं. 5 आणि 6 नंबरने मिळून वह्यांच्या पुठ्ठ्यांचा बडग्या, म्हणजे तसाच एक पुतळा, केला होता, गळ्यात पाटी: ‘घोकंपट्टी’. “घेऊन जा गे मारबत!” मधल्या सुट्टीत मिरवणूक निघाली. माझ्या टेबलासमोर जरा जास्त वेळ थांबली असं मला वाटलं.

4 सप्टेंबर, गुरुवार

ऊन! जुलैचं उट्टं काढलं. एक मीटरची काठी रोवली, 11:40 पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. सगळ्यांचा अंदाज, सर्वांत लहान सावली बाराला. बारानंतरही ती लहानच होत राहिली. मुलं घड्याळावर चिडली. 12:10 आणि 12:15 च्या खुणा जवळपास सारख्या, 25 सेंटिमीटरवर. मग वाढायला लागली.

नागपूरचे बारा हे नागपूरचे नाहीतच, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचे. आपण 79 च्या जरा पुढे. सूर्याला एक अंश सरकायला 4 मिनिटं. साडेतीन अंशांना थोडे कमी, म्हणजे 13-14 मिनिटं उशीर. सगळ्या देशासाठी एकच घड्याळ 1 जानेवारी 1906 ला ठरलं. अरुणाचल आणि गुजरातच्या उगवतीत जवळपास दोन तासांचा फरक पडतो, घड्याळ तेच.

7 नंबर घरी जाऊन वडिलांना म्हणाला की आपलं घड्याळ मिर्झापूरचं आहे. त्याचे वडील उद्या भेटायला येणार आहेत.

10 सप्टेंबर, बुधवार

झिरो माइल, लोक ज्याला देशाचा मध्य म्हणतात तो स्तंभ. मेट्रोने गेलो. 31 पोरं, दोन शिक्षक, मामा. सीताबर्डीला गाडी बदलली, झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरलो. मेट्रोतून खाली शहर दिसल्यावर अर्धे जण खिडकीला, त्यांना स्तंभात रस नव्हता.

दगडी स्तंभ, चार घोडे. पोरांनी घोड्यांशी पुरेसा वेळ घालवला. मग शिलालेख. ‘देशाचा केंद्रबिंदू’ असं कुठे लिहिलंय ते शोधा, असं सांगितलं होतं. सापडेना. सापडलं काय, तर जीटीएस, स्टँडर्ड बेंच मार्क, 1907, आणि समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. बाजूने मैलांचे आकडे. एका फुटाचा हजारावा भाग दगडावर कोरणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. देशाच्या मध्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

हे उंचीचं मोजमाप. समुद्रापासून मोजत मोजत आतपर्यंत आणलेली उंची, पुढच्या मोजणाऱ्यांनी इथून सुरू करावी म्हणून पक्की करून ठेवलेली. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. 1802 ला मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन, त्रिकोणाला त्रिकोण जोडत माणसं उत्तरेकडे सरकली. वीस वर्षं हे करून लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत वारला, आणि कुठे? हिंगणघाटला. तिथेच पुरलाय.

30 नंबर उडालाच. “माझ्या मामाच्या गावाला?” दिवाळीत जाऊन बघून येतो म्हणाला.

परतताना 3 नंबरने फलाटावर विचारलं, “मग मध्य कुठं आहे?”

15 सप्टेंबर, सोमवार

मध्य शोधायचा दिवस. बाह्यरेषा गेरूने पुन्हा काढली होती.

पहिल्या गटाने देशाभोवती सुतळीचा आयत केला आणि कर्ण ओढले. फुली छत्तीसगडात पडली. 12 नंबर काहीच बोलला नाही, फक्त फुलीवर जाऊन उभा राहिला आणि तास संपेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या गटाने चार टोकं जोडली: उत्तरेचं दक्षिणेला, पूर्वेचं पश्चिमेला. फुली राजस्थानात, कोट्याच्या आसपास. तिसऱ्या गटाने पुठ्ठ्याचा भारत कापून पेन्सिलच्या टोकावर तोलला, तो मध्य प्रदेशात तोलला गेला, आपल्या वरच्या अंगाला. मध्य म्हणजे काय हे आधी ठरवल्याशिवाय मध्य सापडत नाही, हे मला बोलावं लागलं नाही, कारण तिन्ही गट तोवर भांडत होते.

नागपूर तिघांतही नाही. आमच्या जमिनीवर ते आयताच्या मध्यापासून 40 सेंटिमीटर खाली आणि 80 सेंटिमीटर डावीकडे. वर्गाला हे लागलं. 16 नंबर म्हणाली, “मग आपल्याला सगळे मध्य काऊन म्हणतात?” 1907 चा हिंदुस्थान वेगळा होता, त्यात कराचीही होती आणि रंगूनही, हे सांगितलं. शिवाय रस्ते बघा: श्रीनगर-कन्याकुमारी 44 नंबरचा महामार्ग आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 नंबरचा, दोन्ही इथे भेटतात. 4 नंबरचे वडील ट्रक चालवतात. त्याला वाडीपासूनचा एकेक ढाबा पाठ आहे. दुसऱ्या दिवशी तो जुन्या बिल्ट्या घेऊन आला; कुठून कुठे आणि काय माल, एवढं प्रत्येक कागदावर. गेरूच्या नकाशावर त्या बिल्ट्या मांडल्या तर नागपूरभोवती कागदांचा ढीग झाला. मध्य नसेल, पण ढीग इथेच होतो.

22 सप्टेंबर, सोमवार

शहर कोणी वसवलं? “भोसल्यांनी.” देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, 1702, बारा वाड्या एकत्र करून. भोसले नंतर आले.

17 नंबर एरवी सर्वांत जास्त प्रश्न विचारतो, आज गप्प होता. तास संपल्यावर हळूच म्हणाला, “आम्ही गोंड आहो.” बाकीच्यांना सांगू का, विचारलं. मान हलवली, नको.

म्हणून त्याचं नाव न घेता दुसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारत एकाच जमिनीचे तुकडे होते. त्या अख्ख्या जमिनीला शास्त्रज्ञ काय म्हणतात? गोंडवन. आपल्या भागातल्या खडकांवरून नाव पडलं, खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली जो दगड आहे त्याच्याही नावात गोंड आहेत. मागच्या बाकावरून स्पष्ट आवाज आला, “मॅडम, मी गोंड आहो.” आता मधल्या सुट्टीत त्याला ‘अंटार्क्टिका’ म्हणतात. त्याला ते चालतं.

4 ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी होती. वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरं त्या दिवशी तिथे असतात. 21 नंबरच्या वडिलांच्या मित्रमंडळाचा पाणी वाटपाचा स्टॉल असतो. तिला आणि आणखी तिघांना काम दिलं होतं: पाणी द्यायचं आणि विचारायचं, कुठून आलात? चार वह्यांत गावं. नांदेड, लातूर, परभणी, अकोला, कलबुर्गी, आदिलाबाद, उत्तर प्रदेशातून आलेले काही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, हे वर्गाला सांगायची गरज नव्हती, ते 21 नंबरने सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. गावं नकाशावर चिंचोक्यांनी मांडली. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, दरवर्षी येते. पण गावाचं नाव 21 नंबरला नीट ऐकू आलं नाही. तिने वहीत लिहिलंय, ‘लांबून’. तो चिंचोका कुठे ठेवायचा यावर वाद. शेवटी सुतळीच्या बाहेर ठेवला.

10 नोव्हेंबर, सोमवार

30 नंबर हिंगणघाटहून परत, रागात. मामाच्या शेतात कापूस वेचणी सुरू होती, कोणाला वेळ नव्हता. कबर राहिली.

सुट्टीनंतर ऑइल पेंटला परवानगी मिळाली. पाहुण्यांना उलटं दिसेल, हा मुद्दा सरांनी परत काढला नाही. परवा ते स्वतः पायरीवर थांबून एका पालकांना सांगत होते, “जपून, इथे निकोबार आहे.”

22 नोव्हेंबर, शनिवार

रंगकाम. बाह्यरेषेला पांढरा, समुद्राच्या कडेला निळा, नद्यांनाही निळा. नाग नदी 26 नंबरने रंगवली, नखाएवढी. राज्यांच्या सीमांसाठी आणलेला पिवळा डबा गुजरात-राजस्थान करूनच संपला. पोरांनी हात सढळ ठेवला होता. पैसेही संपले. उरलेल्या सीमा खडूने आखा म्हटलं.

मग गुजरात-राजस्थानची पिवळी रेघ एकटीच खुपायला लागली. 14 नंबर म्हणाला, तीपण खोडून टाकू, सगळ्याच खडूने करू, दरवर्षी चौथीने नव्याने आखायच्या. टर्पेंटाइनने घासून काढली. बोटांना वास अजून आहे.

26 नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. उद्देशिका नकाशाभोवती गोल उभं राहून म्हटली. मग म्हटलं, बोटाने दाखवा, दिल्ली कुठे? 29 बोटं टाकीकडे. दोन अजून वर, त्यातलं एक 3 नंबरचं, मुद्दाम.

9 नंबरची आजी आली होती. चप्पल काढून नकाशावर आली, “माझं नागपूर कुठं?” नातवाने हात धरून नेलं. उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं. “नि वऱ्हाड? त्याची रेघ नाही दिसून राहिली.”

नातवाने माझ्याकडे पाहिलं, मग खिशातला खडू काढला.